मधला शनिवार

पवित्र सप्ताहात गुरुवारची संध्याकाळची उपासना संपली की ख्रिस्ती देवळातली वेदी उघडी करतात. मेणबत्त्या जातात, फुलं जातात आणि शेवटी ते साडेतीन मीटर लांब पांढरं कापड. ते धुऊन, खळ लावून, रविवारच्या आत इस्त्री करून द्यायचं काम गेली एकोणीस वर्षं शिंपीणबाईंकडे होतं.

नवरा होता तोवर या कामाला चार हात होते. कापड दमट असतानाच दोघांनी दोन टोकं धरून ताणावं लागतं. एकट्याने केलं की ते जमिनीला लागतंच. बाईंचे हे सुतार. प्रवचन सुरू झालं की यांची मान छातीवर. पण शनिवारी दुपारी नखं ब्रशने घासून, बाह्या सारून उभे राहायचे. ‘‘माझा पवित्र सप्ताह एवढाच,’’ म्हणायचे. सहा महिन्यांपूर्वी हे गेले.

यंदाच्या शनिवारी बाईंनी एक टोक दाराच्या कडीला बांधलं आणि दुसरं ओढलं. गाठ सुटली, कापड फरशीवर लोळलं. पुन्हा धुतलं, पिळलं, खळ लावली. मग खुर्चीच्या पाठीला अडकवलं, तर खुर्चीच चालत आली. तेवढ्यात मुलीचा फोन आला.

‘‘आई, हल्ली न चुरगळणारं कापड मिळतं. देवळाला एक घेऊन दे आणि मोकळी हो.’’

‘‘मोकळीच आहे गं,’’ बाई म्हणाल्या.

खालच्या मजल्यावर निवृत्त पोस्टमन एकटेच राहत. बाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांचं पाणी त्यांच्या खिडकीत गळायचं, त्यावरून दोन वर्षं बोलणं बंद होतं. बाईंनी जिना उतरून दार वाजवलं.

‘‘आजही गळलं,’’ दार उघडताच ते म्हणाले.

‘‘माहीत आहे. भांडायला नाही आले. दोन हात हवे होते.’’

पोस्टमननी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, चप्पल घातली आणि वर आले. हात धुतले, कुणी न सांगता.

‘‘ओढा, पण हिसका नको.’’

‘‘असं?’’

‘‘जरा तिरपं. हं.’’

ताणून झाल्यावर घडी घालायची. त्यासाठी टोक धरलेल्या दोघांना एकमेकांकडे चालत यावं लागतं. पोस्टमन आले, कोपऱ्याला कोपरा लावला. त्यांची बोटं गार, ओली होती. इतक्या जवळ कुणाचे हात येऊन बाईंना सहा महिने झाले होते. त्यांनी टोक घाईघाईने काढून घेतलं.

‘‘तुमच्या प्रभूचं मरण काल झालं, उठणं उद्या,’’ पोस्टमन म्हणाले. ते देवळात जाणारे नव्हते. ‘‘मग आज काय असतं?’’

‘‘आज काही नसतं. घंटा नाही, दिवा नाही. त्याचे सोबती दार लावून बसले होते.’’

‘‘पण उद्या उठणार हे त्यांना माहीत होतं ना?’’

‘‘छे. ते आपल्याला माहीत आहे. त्यांना तो नुसता शनिवार होता.’’

बोलून झालं आणि बाई मटकन खुर्चीत बसल्या. एवढी वर्षं हा सप्ताह पाळला, पण हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी आलं नव्हतं. शुक्रवारभर कोरडे राहिलेले डोळे आता वाहू लागले. पोस्टमन घडी छातीशी धरून उभे राहिले. खाली ठेवावी तर कुठे, हे त्यांना सुचेना.

‘‘माझे असे बरेच शनिवार झालेत,’’ ते म्हणाले. मग घडी टेबलावर ठेवून गेले. जिन्यावर त्यांची चप्पल बराच वेळ वाजत राहिली.

रविवारी सकाळी लवकर जाऊन बाईंनी इस्त्री केलेलं कापड वेदीवर अंथरलं, कडा सारख्या केल्या आणि नेहमीच्या बाकावर येऊन बसल्या. सहा महिने त्या शेजारच्या जागेवर आपली पिशवी ठेवत. देऊळ भरत आलं. कडेवर मूल घेतलेली एक अनोळखी बाई बाकाशी थांबली.

‘‘इथे कुणी येणार आहे का?’’

शिंपीणबाईंनी पिशवी उचलून मांडीवर घेतली.

‘‘नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बसा.’’

पुनरुत्थानाचं गीत सुरू झालं. सगळ्यांबरोबर त्याही उभ्या राहिल्या. पहिल्या दोन ओळी त्यांनी नुसत्या ऐकल्या. तिसरीपासून त्या हळू आवाजात म्हणू लागल्या.