कोबी शिजेपर्यंत

शिजलेल्या कोबीचा वास मला सहन होत नाही. ओले मोजे कुणीतरी झाकण ठेवून उकळावेत, तसला वास. सासूबाई होत्या तोवर कोबी-बटाट्याच्या दिवशी मी काहीतरी निमित्त काढून घराबाहेर सटकायचे. त्या कोबी इतका शिजवायच्या की पान कुठलं आणि बटाटा कुठला ते कळू नये. वर तळाला लागलेलं खरवडून त्यातच कालवायच्या. पहिल्याच घासाला सासरे तोंड वाकडं करायचे. "शी! काय घाण केलीय ही!" ओट्यापासून उत्तर यायचं, "गिळा मुकाट्यानं!" मग ते चाटूनपुसून ताट संपवायचे. जन्मभर हेच चाललं.

सासूबाई गेल्या आणि सासऱ्यांनी अन्नच सोडलं. चहाचा घोट, अर्धं बिस्किट, की पुन्हा भिंतीकडे तोंड. गालफडं बसली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दवाखान्यात नळ्या घालाव्या लागतील. नवरा हवालदिल झाला. शेवटी मी काकुळतीला येऊन विचारलं, "बाबा, तुम्हाला हवंय तरी काय?"

"कोबी-बटाटा," ते भिंतीला म्हणाले.

मी नाक मुरडलं. तरी केला, माझ्या पद्धतीनं. कोबी करकरीत, बटाट्याच्या फोडी लोण्यावर खरपूस, वरून मिरपूड. मलासुद्धा खावासा वाटला! त्यांनी एक घास घेतला, "छान झालाय, सूनबाई," म्हणाले आणि ताट सरकवलं. असा संताप आला. छान झालाय तर खा ना! भांडी आपटता आपटता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या घरात कोबीला कुणी कधी छान म्हटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नाकाला रुमाल बांधला. ढीगभर कोबी, बटाटे, मीठ, बदाबदा पाणी आणि वर झाकण. शिजू दिला, आणखी शिजू दिला. आधी पिवळा पडला, मग फरशी पुसलेल्या पाण्याच्या रंगाचा झाला. वास पडद्यांत शिरला, माझ्या केसांत शिरला. समोरच्या बाईनं धाडकन खिडकी लावून घेतली. मला उमासे येत होते. तळाला लागला, तोही खरवडून कालवला.

आतल्या खोलीचं दार वाजलं. सासरे भिंतीला धरून धरून आले आणि टेबलाशी बसले. मी तोंड फिरवून वाढलं. त्यांनी घास घेतला. तोंड वाकडं झालं.

"शी! काय घाण केलीय ही!"

आणि थांबले. चमचा हातात, नजर ओट्याकडे. लग्न झाल्यापासून मी त्यांना कधी उलटून बोलले नव्हते. शेजारी बसलेला नवरा माझ्याकडे बघत राहिला. मी रुमाल सोडला, तसा तो वास भसकन नाकात गेला आणि डोळ्यांत पाणी आलं.

"गिळा मुकाट्यानं!" मी ओरडले.

सासऱ्यांनी मान खाली घातली आणि खायला लागले. ताट चाटूनपुसून होईपर्यंत मी तिथंच, त्या घाणीत उभी राहिले.