माझे पायदान कोणी मोडले?

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे आणि मला राग आलेला आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी हळव्या आवाजात सांगावी, अशी तुमची अपेक्षा असते. तशीही सांगेन, थोडीशी. पण माझ्यावर, आणि माझ्याहून जास्त एका बाईवर, जो अन्याय झाला तो सांगताना माझा आवाज चढला तर समजून घ्या.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे रंगाच्या आधी माझ्या पत्र्यावर प्रायमरचा थर दिला होता. प्रायमर म्हणजे रंगाखालचा रंग. तो कोणाला दिसत नाही आणि त्याचे कोणी कौतुकही करत नाही. पण तो पत्र्याला घट्ट धरतो, वरचा रंग त्याला धरतो, आणि पाणी लोखंडापर्यंत पोचत नाही. एवढी साधी गोष्ट आहे. तरी ती लोकांना का कळत नाही, हे मला कळत नाही!

मला धडगावच्या इंद्रसिंगने घेतले. तळोदा ते धडगाव हा घाट मी किती वेळा चढले असेन, त्याची गणती नाही. शाळेची पोरे, आमचूरची पोती, कोंबड्या, नवऱ्या मुली, दवाखान्यात निघालेले म्हातारे, सगळे माझ्यातून गेले. आत जागा संपली की लोक मागच्या पायदानावर उभे राहत. त्यांच्यात एक फुलवंताबाई असायची. धडगावच्या वरच्या पाड्यावरची ही बाई आमचूर विकायला तळोद्याला यायची. उतरायचे ठिकाण आले की माझ्या पत्र्यावर हाताने दोन थापा मारायची. एका पावसाळ्यात घाटात माझी चाके चिखलात रुतली. सगळे उतारू आडोशाला जाऊन बसले. फुलवंताबाई मात्र दगड उचलून आणत होती आणि माझ्या चाकांखाली बसवत होती. मी ते विसरलेले नाही.

इंद्रसिंगही जपणारा होता. पावसाळा सरला की तो तारेचा ब्रश घेऊन माझ्याखाली शिरायचा, गंज दिसेल तिथे खरवडायचा आणि तांबड्या रेडऑक्साईड प्रायमरचा हात द्यायचा. मी ठिगळ लावल्यासारखी दिसायचे, पण आतून धडधाकट होते. पुढे त्याची नजर अधू झाली आणि त्याने गाडी चालवणे सोडले. मी उघड्यावर उभी राहिले. मोहाची पाने माझ्या पायदानात साचली, पावसात कुजली, आणि त्यांच्याखाली पत्रा हळूहळू सडत गेला.

मग तळोद्याचा अरिहंत आला. त्याच्या घरचे हार्डवेअर आणि रंगाचे दुकान आहे. त्याने इंद्रसिंगकडून मला विकत घेतले, कारण त्याला दुकानाच्या जाहिरातीसाठी एक दिमाखदार जुनी गाडी हवी होती. मला आनंद झाला. म्हटले, रंगवाल्याच्याच घरी चालले आहे, आता माझे नशीब उघडले. काय भोळी होते मी!

सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा जवळ आली होती. अरिहंतने मला पितांबरच्या गॅरेजात लावले. पितांबर डेंटिंग-पेंटिंगचे काम करतो. त्याने माझ्या अंगावर हातोडी वाजवून पाहिली. चांगला पत्रा टणत्कार करतो, सडका बद्द वाजतो. मागचे पायदान बद्द वाजले.

"भाऊ, हाई कापनं पडी," पितांबर त्याच्या अहिराणीत म्हणाला. "नवा पत्रा जोडू. मंग प्रायमर, मंग रंग. प्रायमर वाळाले टाईम लागस."

"टाईम नई शे," अरिहंत म्हणाला. "यात्राना आगोदर गाडी जोयजे. लाल रंग, एकदम चमकदार."

पितांबरने खांदे उडवले. आणि मित्रांनो, मग त्याने काय केले ते ऐका. पायदानाच्या भोकात गोणपाटाचा बोळा कोंबला. त्यावर लांबी थापली. पत्र्यातले खळगे भरायला गाड्यांना जो लगदा लावतात, त्याला गॅरेजात लांबी म्हणतात. ती खळगे भरण्यासाठी असते, माणसाचे वजन पेलण्यासाठी नसते! लांबी घासून गुळगुळीत केली आणि गंजावर, धुळीवर, जुन्या तेलावर सरळ लाल रंग मारला. प्रायमरचा एक हातसुद्धा नाही. ज्या घराच्या फळ्यांवर प्रायमरचे डबे रचलेले, त्या घरची गाडी मी!

मी चकाकत होते. तळोद्याच्या चौकात लोक माझ्याबरोबर फोटो काढत होते. खाली गंज आपले काम करत होता आणि मला बोलता येत नव्हते.

सारंगखेड्याला अरिहंतने मला मैदानाच्या तोंडाशी उभे केले. दुकानाचा फलक लावला आणि लोकांना घोडेबाजारापर्यंत फुकट फेऱ्या देऊ लागला. गर्दीत एक ओळखीचा आवाज आला.

"ही तर इंद्रसिंगची गाडी!"

फुलवंताबाई होती. नातेवाइकांबरोबर यात्रेला उतरली होती. तिने माझ्या पत्र्यावर हात फिरवला, हसली, आणि सवयीने मागच्या पायदानावर पाय ठेवला.

पायदान फुटले. तिचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला आणि सडक्या पत्र्याच्या धारेने पोटरी चिरली. ती ओरडली. रक्त माझ्या लाल रंगावरून ओघळले, आणि रंग इतका लाल होता की लांबच्या लोकांना ते दिसलेही नाही. त्यांना दिसली फक्त गाडीत अडकलेली बाई. ते हसले. कोणी कोणी मोबाइल काढून चित्रीकरण केले.

आणि अरिहंत काय म्हणाला? "बाई, इतला जोरमा पाय कशाले टाका?"

कशाला टाकला म्हणे! ज्या पायदानावर उभी राहून ती घाट उतरली, त्याच्यावर पाय ठेवताना तिने काय परवानगी मागायची होती?

नातेवाइकांनी तिचा पाय सोडवला आणि तिला दवाखान्यात नेले. टाके पडले. जखम भरत आली, पण ते चित्रण मोबाइलवरून मोबाइलवर फिरत डोंगरात पोचले. "फुलवंताबाईने गाडी मोडली" म्हणत लोक दात काढू लागले. धडगावच्या स्टँडवर एक जीपवाला तिला म्हणाला, "मावशी, तू पुढच्या गाडीने ये, माझी गाडी नवी आहे." त्या दिवसापासून ती जीपमध्ये बसेना. दुखऱ्या पायाने घाटरस्ता चालू लागली. हे मला कसे कळले? इंद्रसिंग तळोद्याला डोळे दाखवायला आला होता. तो दुकानात येऊन हे सगळे बोलला आणि चहा न घेता निघून गेला.

त्याचे बोलणे अरिहंतच्या मोठ्या बहिणीने, रक्षाने, ऐकले. गल्ला सोडून दुकानातले सगळे रंगाचे काम तीच बघते. या घरात आपसात मारवाडी बोलतात. मी तुम्हाला आपल्या मराठीत सांगते. रक्षा बाहेर आली. तिने हातातला स्क्रू ड्रायव्हर माझ्या पायदानाच्या फुटक्या कडेत घातला आणि उचकटला. लांबीची खपली निघाली. खालून ओला, काळा पडलेला गोणपाटाचा बोळा बाहेर आला.

"अरिहंत!" ती ओरडली. "हे काय आहे?"

"जीजी, गाडी जुनी आहे, होतं असं."

"जुनी आहे म्हणून झालं का हे? हे कोणीतरी हाताने कोंबलंय. तुला माहीत होतं?"

अरिहंतने पडलेला बोळा पायाने गाडीखाली सरकवला.

"लोक दुकानात येतात, मला विचारतात, ताई, स्वस्तात गाडी कशी रंगवायची. मी त्यांना सांगते, रंग साधा घ्या पण प्रायमर गाळू नका. आणि आपल्याच गाडीवर हे? वर आपल्या दुकानाची पाटी लावून?"

तिने पितांबरला बोलावून घेतले. तो आला तो तावातावानेच.

"माले काय काम येस नई का? मी सांगं व्हतं कापनं पडी म्हनीसन! भाऊले चमक जोयजे व्हती, मी चमक दिधी."

"चमक दिली, आणि बोळा कोणी कोंबला?" रक्षाने विचारले. "तुम्ही नाही म्हणू शकला असता, पितांबरभाऊ. माणूस उभा राहतो त्या जागेवर."

पितांबरचा आवाज खाली आला. "हाव," तो म्हणाला. "ते मन्हं चुकनं."

मग माझे खरे काम सुरू झाले. रक्षाची अट होती की खरवडण्याचे काम अरिहंतने स्वतः करायचे. तो ज्या चमकदार रंगासाठी हट्ट धरून बसला होता, तोच त्याने ग्राइंडरने आणि तारेच्या ब्रशने उतरवला. पहिल्या दिवशीच त्याच्या हाताला फोड आले. मला वाईट वाटले नाही, खरे सांगते.

पितांबरने सडका भाग कापून काढला आणि नवा जाड पत्रा वेल्डिंगने जोडला. मग उघडे लोखंड थिनरच्या फडक्याने पुसले. अरिहंतने बोट लावायला हात पुढे केला तर रक्षा खेकसली, "घामाचा हात लावू नकोस! तिथूनच गंज धरेल." उन्हे तापायच्या आत, धूळ उडू नये म्हणून जमिनीवर पाणी शिंपडून, तोंडाला मास्क बांधून पितांबरने फवाऱ्याच्या गनने प्रायमर मारला. दुपारी मारला असता तर आपल्याकडच्या उन्हात फवारा पत्र्यावर बसण्याआधीच वाळला असता.

"प्रायमर कोणता?" अरिहंतने विचारले होते.

"एपॉक्सी. उघड्या पत्र्याला पाण्यापासून तोच वाचवतो. महाग आहे, पण इथे हात आखडायचा नाही. वरचा रंग साधा एनॅमल घेऊ, तिथे वाचवू."

"साधा? मग चमकणार नाही."

"नाही चमकणार," रक्षा म्हणाली.

प्रायमर पुरता वाळू दिला. त्यावर जिथे खळगा होता तिथेच लांबीचा पातळ हात दिला, पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने घासला, आणि शेवटी साधा मातकट हिरवा रंग चढवला. चौकातले लोक म्हणाले, लाल रंग किती भारी दिसत होता, हे काय करून ठेवले! मला पुन्हा राग आला. तुमच्या डोळ्यांना काय हवे आहे हो, गाडी की आरसा?

होळीच्या आधी धडगावला भोंगऱ्या बाजार भरतो. डोंगरातली सगळी माणसे खाली येतात, ढोल वाजतात, डाळ्या-गुळाची आणि साखरेच्या हारांची दुकाने लागतात. त्या दिवशी अरिहंत आणि रक्षा मला घेऊन घाट चढले. इंद्रसिंगने त्यांना फुलवंताबाईपर्यंत नेले. ती टोपली घेऊन हार निवडत होती.

अरिहंतने साडी आणि मिठाईचा डबा पुढे केला आणि कुजबुजला, "मावशी, चूक झाली."

फुलवंताबाईने डबा घेतला नाही. डोंगरातली माणसे सगळ्यांना तूच म्हणतात. बाजारापुरत्या मराठीत ती म्हणाली, "माझ्यावर हसले ते मोठ्याने हसले. तू हळू कशाला बोलतो?"

अरिहंतचा चेहरा पडला. आजूबाजूला गर्दी गोळा झाली होती. तो माझ्या बॉनेटला टेकून उभा राहिला, दोनदा घसा साफ केला.

"ऐका," तो म्हणाला. मग जोरात, "ऐका! या मावशीने गाडी मोडली नाही. पायदान सडलेलं होतं. मला माहीत होतं. यात्रेत मिरवायला मिळावं म्हणून मी ते रंग मारून झाकलं. तिचा पाय माझ्यामुळे कापला."

ढोल थांबला होता. लोकांचे हात खिशातच होते.

"आता का हात खिशात?" रक्षा गर्दीवर कडाडली. "बाई अडकली तेव्हा मोबाइल काढलेत ना? आता काढा! हेही पाठवा सगळ्यांना!"

एकेक करून मोबाइल वर झाले. अरिहंतला सगळे पहिल्यापासून पुन्हा सांगावे लागले. दुसऱ्यांदा तो अडखळला नाही.

फुलवंताबाई माझ्या मागे आली. नव्या पत्र्याकडे तिने बराच वेळ बघितले. मग दुखावलेला पायच आधी ठेवला. सगळा भार टाकला. मी हलले नाही. ती आत जाऊन पुढच्या सीटमागे बसली आणि अरिहंतला म्हणाली, "टोपली घे. आणि तू मागे उभा राहा, पायदानावर."

इंद्रसिंग हसला. गाडी रक्षाने चालवली. पाड्यापर्यंतच्या खडबडीत वाटेवर अरिहंत मागे उभा होता, एका हातात टोपली आणि दुसऱ्या हाताने माझी दांडी घट्ट धरून.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनी गाडी असेल, सायकल असेल, साधे लोखंडी दार असेल, तर रंग खुशाल स्वस्तातला घ्या. पण आधी खरवडा, प्रायमर द्या, तो वाळेपर्यंत थांबा. गंजावर रंग मारून कोणाला फसवू नका. आणि कुणाचा पाय कुठे आत गेलाच, तर त्या माणसावर हसण्याआधी खाली वाकून पत्रा बघा.