चित्रातली सूचना

पाणी संपलं म्हणून हॉस्टेल बंद झाल्याची सूचना कॉलेजनं वेबसाइटवर टाकली, पण कागदाचा फोटो काढून. रूपालीला दिसत नव्हतं, अन् तिला सगळं वाचून दाखवणारा मोबाइल तिथं नुसतं "चित्र" म्हणाला. ती पाचोडहून एसटीनं आली, तर हॉस्टेलला कुलूप. तशीच ती वेबसाइट सांभाळणाऱ्या मंदार सरांकडे गेली.

"सर, सूचना अक्षरांत टाकत जा. फोटो मोबाइलला वाचता येत नाय."

"इथं टँकर मिळेना, अन् तुला बोलकी वेबसाइट पाहिजे? मैत्रिणीकडून वाचून घ्यायचं."

"मागच्या परीक्षेला घेतलं होतं. तिनं अर्धंच वाचलं, माझा पेपर बुडाला."

"एकटीसाठी कोण राबणार?"

रूपालीनं दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार केली. नोटीस आली, प्राचार्यांनी सरांना धारेवर धरलं, अन् सूचना अक्षरांत येऊ लागल्या.

मग एकदा सर वर्गात म्हणाले, "जपून बोला रे, इथं तक्रारखोर बसलेत." सगळे हसले.

रूपाली संतापानं उभी राहिली. "व्हय सर, मीच. परीक्षेचं वेळापत्रक आजून फोटोतच हाय. त्याचीबी तक्रार करू?"

हसणं थांबलं. संध्याकाळपर्यंत मोबाइल तिला वेळापत्रक वाचून दाखवू लागला. तिच्या बाकावर शेजारी मात्र पुन्हा कुणी बसलं नाही.