कोरडा कंगवा

धाकट्याच्या पत्राला दादांनी उत्तर दिलं नव्हतं, कारण ते पत्र वाचून त्यांना फार आनंद झाला होता.

‘दादा, डोक्यावरचं छप्पर उडालं,’ धाकट्याने लिहिलं होतं. ‘उरलेसुरले केस परवा मीच मशीन फिरवून काढून टाकले. आता आरशात सोललेला बटाटा दिसतो. तुझे माझ्यासारखेच होते ना रे? तू कधी वाढवलेच नाहीस. आता तरी वाढव आणि फोटो पाठव. आपल्या घरातले ते केस एकदा बघायचेत.’

त्या दिवशी दादांनी चहा दुसऱ्यांदा मागून घेतला.

“काय लिहिलंय भावजींनी?” बायकोने विचारलं.

“टक्कल पडलं त्याला.”

“अगं बाई! मग त्यात एवढं खुलायला काय झालं?”

सख्खा भाऊ टकला झाला म्हणून कुणी खुलावं, हे कानाला बरं लागत नाही. पण दादांच्या पोटातलं हे दुखणं जुनं होतं.

त्यांचे वडील, अण्णा, केस कापायचे. रस्त्यावरच छोटं दुकान, दोन खुर्च्या, समोर लांबच लांब आरसा. दोन्ही मुलांचे केस जन्मतः कुरळे, बोटाभोवती गुंडाळून सोडल्यासारखे. पण एकाच घरात दोन डोक्यांचं नशीब वेगळं निघालं. धाकट्याचे केस अण्णांनी खांद्यापर्यंत वाढू दिले. त्याला दुकानाच्या दारात उंच स्टुलावर बसवायचे. येणारा-जाणारा थांबायचा, त्याच्या बटांत बोट घालायचा आणि आलोच आहोत तर म्हणून दाढी करून जायचा. त्याचा फोटो आरशाच्या वर लावलेला होता.

थोरल्याचं डोकं शिकण्यासाठी होतं. नवा कारागीर ठेवला की अण्णा आतल्या खोलीकडे बघून हाक मारायचे, “थोरल्या, डोकं आण!” मग तो शिकाऊ मशीन घेऊन थरथरत मागे उभा राहायचा. कुठे कापलं तर वर तुरटी फिरवायची. गिऱ्हाइकाला लागण्यापेक्षा घरच्याला लागलेलं परवडतं, हे अण्णांचं तत्त्व. कारागीर येत राहिले, जात राहिले, आणि दादांचे केस पेराएवढेही कधी वाढले नाहीत. अण्णांनी स्वतः त्यांच्या डोक्याला हात लावल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

सुटीच्या दिवशी मात्र दुकान अर्धं बंद करून अण्णा धाकट्याला गुडघ्यांत धरून बसायचे आणि बारीक दातांच्या काळ्या कंगव्याने त्याचे केस विंचरायचे. बराच वेळ. धाकटा किंचाळायचा. दादा खाली वाकून जमिनीवरचे केस झाडत असायचे आणि मनात म्हणायचे, ‘लाडोबाचे नखरे बघा! अण्णांचा हात फिरतोय तर रडतोय.’

पुढे दादा विजेचे मीटर वाचायच्या नोकरीला लागले. सगळी नोकरी टोपीखाली गेली. निवृत्त झाल्यावरही महिन्याच्या महिन्याला बारीक मशीन मारून यायची सवय सुटली नाही. ती सुटली धाकट्याच्या पत्रामुळे. भावाच्या प्रेमाने नव्हे. त्याचे गेले, आपले आहेत, एवढाच हिशेब होता. केस असे वाढवायचे आणि फोटो असा पाठवायचा की टकल्याचा तिळपापड झाला पाहिजे. तोवर उत्तर नाही.

पण केस सरळ खाली यायला तयार नव्हते. ते आडवे वाढले. कानांवर दोन छज्जे निघाले आणि टोपी डोक्यावर न बसता तरंगायला लागली.

“घरटं तर झालं बांधून,” बायको म्हणायची. “आता अंडी कधी घालणार तेवढं सांगा.”

कोपऱ्यावरचा दुकानदार तर रोज वाट बघत असल्यासारखा बसलेला असायचा. “दादा, करंट लागला की काय? मीटर वाचणं सोडलंत ना तुम्ही?”

दादा टोपी दाबत पुढे जायचे. दुसऱ्याला जाळायचं तर स्वतःला थोडी धग लागणारच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

फोटो काढायचा ठरला त्या सकाळी ते न्हाणीघरातल्या आरशासमोर उभे राहिले. अण्णांचा काळा कंगवा त्यांच्याकडेच आला होता. तो त्यांनी कपाळापाशी घातला आणि मागे ओढला. चार बोटं जाऊन कंगवा अडकला. त्यांनी जोर लावला. डोक्याची कातडीच सोलून निघते आहे असं वाटलं, डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडातून मोठ्याने “आई गं!” निघालं.

सून दारात येऊन उभी राहिली. तिचे केसही कुरळे, मानेवर मोकळे सोडलेले.

“बाबा, थांबा, थांबा! कोरडे विंचरताय?”

“मग काय ओले विंचरू?”

“आपले केस ओलेच सोडवायचे असतात. तेही बोटांनी. कोरड्यात कंगवा घातला की जीव जातो.”

आपले केस, असं ती म्हणाली. दादांनी कंगवा सोडून दिला. तो डोक्यातच अडकून राहिला.

“तुला हे शिकवलं कुणी?”

“कुणी नाही. माझ्या आईचे सरळ होते, तिने मला रडवून रडवून विंचरलं. मग मोठी झाल्यावर माझं मी शिकले. बसा इथे.”

तिने स्टूल ओढलं. तांब्याने पाणी घालून केस भिजवले, कंगवा अलगद सोडवला, गुंता बोटांनी एकेक करत सुटा केला. जवस उकळून गाळलेला चिकट रस ती स्वतःसाठी करून ठेवायची. तो हातावर घेऊन तिने एकेक बट बोटाभोवती गुंडाळली आणि सोडली. दादांनी टॉवेल मागितला तर म्हणाली, “टॉवेलने खसाखसा पुसता म्हणून तर छज्जे निघतात. तुमचा जुना सुती बनियन द्या.” आणि त्या बनियनने पाणी नुसतं टिपून घेतलं.

मध्येच तिची बोटं थांबली. “इथे केसच नाहीत. काय झालं होतं?”

“मशीन.”

“आणि हे कानामागे?”

“तेही मशीन. कारागीर दुसरा.” मग दादांनी तिला शिकाऊंचं सगळं सांगितलं. “धाकट्याला मात्र अण्णा स्वतः विंचरायचे. याच कंगव्याने.”

“ओले करून?”

“छे! कोरडेच. फार रडायचा.”

“रडणारच ना हो,” सून म्हणाली. “एवढा बारीक कंगवा! दर आठवड्याला? बिचारे काका.”

दादांच्या कपाळापाशी अजून ठणकत होतं. गावभरची डोकी जाणणाऱ्या अण्णांना आपल्या घरातली ही दोन डोकी काही समजली नव्हती, आणि ते गुडघ्यांत किंचाळणारं पोर नखरे करत नव्हतं. हे सगळं त्यांना पटलं. तरी पोटातली जुनी जागा निवेना. दुखत असेल. पण हात अण्णांचे होते.

“झोपलात की काय बाबा?”

“नाही. चालू दे तुझं.”

केस वाळले तेव्हा बायको बाहेर आली, आणि लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच तिला टोमणा सुचला नाही. “इतकी वर्षं हे टोपीखाली ठेवलं होतंत?” एवढंच ती म्हणाली. सुनेने फोटो काढला. दुसऱ्या दिवशी छापूनही आणला. फोटो उत्तम होता, कुणाच्याही पोटात दुखेल असा.

फोटोच्या मागे लिहायचं वाक्य दादांनी कधीचं ठरवून ठेवलं होतं: ‘बघ, कसे राहिलेत.’ त्यांनी ‘बघ’ लिहिलं आणि पेन थांबलं. ते फोटोवर तसंच सोडून त्यांनी कागद घेतला.

‘धाकट्या, अण्णा विंचरायचे तेव्हा फार दुखायचं का रे? मला वाटायचं तू सोंग करतोस. माझ्या डोक्याला त्यांनी कधी हात लावला नाही, म्हणून मला तुझा हेवा वाटायचा. काल कळलं की दुखतं. हेवा अजून वाटतो. केस वाढवलेत. फोटो सोबत आहे.’

पाकीट चिकटवून ते निघाले. सुनेने नुकत्याच पुन्हा बटा वळून दिल्या होत्या, म्हणून टोपी खुंटीवरच राहिली. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने तोंड उघडलं, मिटलं आणि नुसतीच मान हलवली. पाकीट पेटीत पडल्याचा आवाज आला. वाऱ्याची झुळूक आली तशी सवयीने टोपी सावरायला दादांचा हात वर गेला, आणि अर्ध्यावरच थांबला. पुरते वाळेपर्यंत हात लावायचा नाही, असं सुनेने बजावलं होतं.