मखमलीचा तागा

“आठ फूट रुंद, साडेसहा उंच. सांगा मास्तर!”

गिऱ्हाईक बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत पडद्यांच्या दुकानात शर्यत सुरू झाली. मास्तरांनी डोळे मिटले. गल्ल्यापाशी त्यांच्या बायकोने कॅल्क्युलेटर पुढे ओढला. शेजारचा किल्लीवाला आपलं दुकान उघडं टाकून दारात येऊन उभा राहिला. त्याच्याकडे कुलपं बरीच होती, पण स्वतःच्या दुकानाला लावायला एकही नव्हतं.

“अठ्ठावीस फूट!” मास्तर म्हणाले.

बायकोने एक बटण दाबलं, मग आणखी एक दाबलं, मग मशीन किल्लीवाल्याकडे वळवून म्हणाली, “जिंकले बाई हे. माझं अजून चाललंच होतं.”

“मशीन ते मशीन,” किल्लीवाला म्हणाला. “त्याला काय डोकं असतं?”

पडद्याचा हिशोब तसा सोपा. चुण्या पडाव्यात म्हणून खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट कापड घ्यायचं. कापडाच्या पन्ह्याने, म्हणजे त्याच्या रुंदीने, सहसा चार फुटांनी, भागून तुकडे किती ते काढायचं. उंचीत दुमडीचा अर्धा फूट मिळवायचा, तुकड्यांनी गुणायचं. मास्तरांना हे सगळं न मोजता दिसायचं. आकडे त्यांच्याकडे पाळलेल्या मांजरासारखे यायचे, न बोलावता. बायकोने पहिल्यांदा कॅल्क्युलेटर आणला तेव्हा ते चार दिवस तिच्याशी नीट बोलले नव्हते. पाचव्या दिवशी ही शर्यत सुरू झाली आणि पडद्यांपेक्षा ती बघायलाच माणसं येऊ लागली.

पण गेल्या पावसाळ्यातल्या आजारपणानंतर मांजर जरा रुसलं होतं. आकडे यायचे, पण बोलवावे लागायचे. मास्तरांनी हे कुणाला सांगितलं नाही. सांगायचं कशाला? बायको आणि ते, दोघांच्या मिळून तीन डोळ्यांना चष्मा होता आणि चौथ्याला मोतीबिंदू. त्यात ही भर कशाला?

तरी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. बाकीच्या वेळी, पैशांची बेरीज करताना, बायकोची बोटं त्या बटणांवर उड्या मारायची. शर्यतीच्या वेळी मात्र ती रांगायला लागायची. मध्येच तिला मशीनची काच पुसायची असायची, मध्येच चष्मा सापडायचा नाही. आपल्याला जिंकू देतेय ती, हे कळायला मास्तरांना हिशोब घालावा लागला नाही. ती मुकाट्याने आपली उत्तरं तपासत असणार आणि चुकलं तर मागाहून वहीत दुरुस्त करत असणार, असं त्यांनी धरून टाकलं. याचं त्यांना वाईटही वाटायचं आणि हायसंही वाटायचं. रात्री जेवताना ते तिच्याकडे जरा जास्तच प्रेमाने बघायचे. तिला वाटायचं, आमटी बरी झाली असावी.

त्या दिवशी अठ्ठावीस फुटांची बाई गेली आणि नाट्यगृहाच्या व्यवस्थापक बाई आल्या. त्यांच्या मागून दोन हमालांनी लाल मखमलीचा तागा आत आणून कापायच्या टेबलावर ठेवला. दुकान एकदम श्रीमंत दिसायला लागलं.

“रंगमंचाचा पडदा,” बाई म्हणाल्या. “जुन्याला भोकं पडलीत. नायक मरून पडला की मागची मंडळी चहा पिताना दिसतात. मास्तर, हा तागा शेवटचा बरं का. असला रंग आता कुठे मिळत नाही. तागा एकशे चौऱ्याऐंशी फूट आहे. पुरेल ना?”

“मापं सांगा.”

“रुंदी तीस फूट. उंची तेरा फूट नऊ इंच.”

मास्तरांनी डोळे मिटले. तिसाची दुप्पट साठ, मखमलीचा पन्हा पाच फूट, बारा तुकडे. पावणेचौदात दुमड मिळवली. बारा वेळा सव्वाचौदा... आकडा जरा लांब उभा होता. त्यांनी हाक मारली. आला.

“एकशे एकाहत्तर! तेरा फूट उरेल, बाई. उशा करून घ्या.”

नेहमीप्रमाणे सगळे बायकोकडे वळले. ती आज नेहमीसारखी हसली नाही. मशीनकडे बघत म्हणाली, “अहो, उरत नाहीये. कमी पडतंय. पाऊण फूट तरी.”

व्यवस्थापक बाई एकदा मास्तरांकडे बघत, एकदा मशीनकडे. एकाचं उरतंय, दुसऱ्याचं पुरत नाहीये आणि मखमल मात्र तेवढीच.

मास्तरांच्या हातात कात्री होती. ती एकदम जड झाली. संपलं, त्यांना वाटलं. आजवर हिने झाकलं, आज झाकता आलं नाही. उद्यापासून कापायला दुसरा कुणीतरी ठेवावा लागेल आणि आपण दारात खुर्ची टाकून किल्लीवाल्याशी गप्पा मारायच्या.

“मशीनचंच खरं,” ते म्हणाले. “एक तुकडा किती म्हणतं तुझं मशीन? तेवढी खूण तरी करतो.”

“पंधरा पॉइंट चार.”

मास्तरांनी खडू घेतला, टेप पसरली आणि थांबले. “पॉइंट चार म्हणजे किती इंच गं?”

“चार... नाही हो, चार कसं असेल?” ती पुन्हा मशीनवर वाकली. मग तिने कपाळावर हात मारला. “अगंबाई! नऊ इंच म्हणून पॉइंट नऊ घातलं मी! नऊ इंच म्हणजे पाऊण फूट. पॉइंट पंचाहत्तर!”

“म्हणजे माझं बरोबर!” मास्तरांचा चेहरा उजळला. कात्री वर उठली.

“थांबा. तुम्ही दुमड किती धरलीत?”

“अर्धा फूट.”

“अहो, घरातली खिडकी आहे का ही? खाली वजनाची साखळी घालायची. दीड फूट लागतो ना नाटकाच्या पडद्याला?”

कात्री खाली आली. अर्धाच धरला होता खरा, सवयीने. कापलं असतं तर पडदा फूटभर वर लटकला असता आणि मेलेल्या नायकाचे पाय सगळ्या गावाला दिसले असते.

“दोघंही तोंडघशी,” किल्लीवाला हळूच म्हणाला.

मास्तर स्टुलावर बसले. लोकांसमोर बोलायचं नव्हतं, पण निघून गेलं. “माझं सोड. मला आता जमत नाही, ते ठाऊक आहे मला. पण तू रोज माझ्यामागून तपासतेस, तुझं कसं चुकलं?”

“मी कुठे तपासते?”

“मग शर्यतीत ते काय दाबत असतेस?”

ती लाजली. या वयात तिला लाजताना पाहून व्यवस्थापक बाई नजर वळवून छताकडे बघू लागल्या. “काहीही दाबते. तुम्हाला हल्ली थोडा वेळ लागतो, म्हणून टाइमपास. मग तुम्ही सांगता तेच वहीत लिहिते. मापांचा खरा हिशोब केलाय कुठे मी इतक्यात? म्हणून तर हात विसरला. आज तागा शेवटचा, म्हणून खरंच दाबलं.”

मास्तर स्टुलावरून पुढे वाकले. “म्हणजे मी आजारातून उठल्यापासून... एवढे पडदे गेले... ते कुणीच तपासले नाहीत?”

“कशाला तपासायचे? तुम्ही सांगितलं होतं ना!”

“आणि परत किती आले?”

“एकही नाही,” ती म्हणाली. मग आपण काय बोललो हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला हसू फुटलं. आधी ती हसली, मग किल्लीवाला, मग व्यवस्थापक बाई. मास्तर सगळ्यात शेवटी हसले, पण इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. कितीतरी महिने ते स्वतःला कुबडीवर चालणारा माणूस समजत होते, आणि कुबडी तर कधी लावलेलीच नव्हती.

मग ते उठले. मखमलीवरून हात फिरवत व्यवस्थापक बाईंना म्हणाले, “बाई, मला आता वेळ लागतो. पूर्वीसारखं चटकन येत नाही. थांबाल?”

असं ते आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला म्हणत होते. बाईंनी स्टूल ओढून घेतलं आणि पर्स मांडीवर ठेवून बसल्या. बायकोने मशीनवरची बोटं उचलून घेतली.

मास्तरांनी डोळे मिटले. रस्त्यावरून एक सायकल गेली. किल्लीवाल्याच्या दुकानात कुणीतरी हाका मारत होतं, तो हलला नाही. मास्तरांचे ओठ हलत होते, पावणेचौदा, दीड. बराच वेळ गेला. घाई कुणालाच नव्हती.

“तुकडा सव्वापंधरा,” ते सावकाश म्हणाले. “बारा तुकडे. एकशे त्र्याऐंशी. फूटभर उरेल.”

“बघू का मशीनवर?” बायकोने विचारलं.

“बघ. या वेळी खरंच बघ.”

तिने एकेक बटण नीट दाबलं, काचेवर आलेला आकडा वाचला आणि टेबलापलीकडे जाऊन मखमलीचं दुसरं टोक धरलं. मास्तरांनी खूण केली आणि कात्री चालवली.