चावण्याचा आवाज

घरात तिचं नाव पडलं होतं शीबाई. दुधावरची साय, बेसिनच्या जाळीत अडकलेला केस, दुसऱ्याने तोंड लावलेल्या पेल्याचा ओला काठ, काहीही दिसलं की तिचा पहिला शब्द ‘शी!’. पण या सगळ्यावर कडी म्हणजे बाबांचं जेवण. बाबांनी तीस वर्षं बस चालवली होती. पुढची फेरी सुटायच्या आत जेवण उरकायची सवय निवृत्त झाल्यावरही गेली नव्हती. एक घास गिळतायत तोवर दुसरा तोंडात, आणि दोन्ही मिळून तो मचमचाट! शाळेत असल्यापासून ती ताट घेऊन आपल्या खोलीत जायची. आईने विचारलं की अभ्यासाचं निमित्त तयारच असे.

आता ती फिल्म बनवायला शिकत होती, आणि तिच्या वाट्याला नेमकं काय यावं? वर्गाच्या फिल्ममध्ये अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला मुलगा भरवतो, असा तीन मिनिटांचा प्रसंग होता. शूटिंगच्या वेळी बाहेर रस्ता खोदत होते, त्यामुळे आवाज सगळा वाया गेला होता. खाण्याचा आवाज नव्याने तयार करायचा होता. साउंडच्या सरांनी ते काम तिच्या गळ्यात घातलं.

“मला पावलांचे आवाज द्या ना सर,” ती काकुळतीला आली. “दारं, भांडी, काहीही चालेल.”

“पावलं कुणीही करतं. तू हे शिक.”

सरांनी पिकून काळं पडलेलं केळं तिच्या तळहातावर ठेवलं. “माइकजवळ धर आणि हळूहळू मूठ वळ.”

बोटांच्या फटींतून लिबलिबीत गर बाहेर आला आणि मनगटावरून ओघळला. हेडफोनमधून तो आवाज थेट कानाच्या आत चिकटल्यासारखा वाटला.

फिल्मचा दिग्दर्शक तिच्याच वर्गातला, महाहट्टी. पडद्याकडे बघत म्हणाला, “हा जेवत नाहीये, चिखलातून चालतोय.”

मग ओलं फडकं झालं, भिजवलेला पाव झाला, कणकेचा गोळा झाला. दिग्दर्शक मान हलवतच राहिला. चौथ्या दिवशी सर म्हणाले, “तोंडाचा आवाज तोंडच करणार. मनापासून जेवणारा एखादा माणूस गाठ.”

तिला फार लांब जावं लागणार नव्हतं.

बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

“शर्ट ऐकू येत नाही, बाबा.”

“असू दे. मान असतो एखाद्या कामाचा.”

तिने खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, आईला शेजारी पिटाळलं. बाबांपुढे दोन उकडलेली अंडी, दुधात बुडवायला पाव आणि केळं ठेवलं. हनुवटीपासून वीतभर अंतरावर माइक धरला, हेडफोन चढवले आणि म्हणाली, “करा सुरू.”

पुढची दहा मिनिटं तिने कशी काढली ते तिचं तिलाच माहीत. लाळेची चिकट तार तुटण्याचा आवाज, टाळूला चिकटलेलं अंडं जिभेने खरवडण्याचा आवाज, गिळताना घशात होणारी ती गुळुक. बाबांच्या तोंडातच कुणी कोंडल्यासारखं तिला झालं. पण डोळे मिटून ऐकताना एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. सगळं चावणं डावीकडूनच चाललं होतं. मधूनच बाबा दातांतून बारीक ‘स्स’ करत होते.

“बाबा, जरा उजवीकडून चावा ना.”

“नको.”

“का?”

बाबा केळं सोलायला लागले. तिने केळं काढून घेतलं. “आ करा बघू.”

मोबाइलच्या उजेडात तिला दिसली ती अर्धी काळी, पोखरलेली दाढ. भोवतालची हिरडी फुगून आली होती आणि कडेने पिवळा पू झिरपत होता. वरून सडका भपकारा आला. तिने तोंड फिरवलं, श्वास रोखून पुन्हा बघितलं.

“किती दिवस झाले?”

“दोन-तीन महिने. दुखतं तसं फार नाही.”

“सांगायचं नाही का?”

“कधी सांगू? तू दार लावून जेवतेस.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती त्यांना दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. दाढ ट्रेमध्ये पडली, मुळाशी लोंबणारी पुवाची पिशवी तिला दिसली आणि तिने बाबांचा हात सोडून बेसिन गाठलं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी बाबांना उठवून तिलाच खुर्चीत आडवं केलं.

घरचं रेकॉर्डिंग मात्र फुकट गेलं. तयारीच्या नादात फ्रिज बंद करायचा राहिला होता, त्याची घरघर प्रत्येक घासामागे होती. बाबांच्या तोंडात कापसाचा बोळा, आणि फिल्मसाठी आवाज तर लगेच पुढच्या दिवशी द्यायचा होता. ती स्टुडिओत अंडी आणि पाव घेऊन एकटी बसली, माइक स्वतःच्या हनुवटीखाली घेतला आणि खाल्लं. दोनदा ओकारी आली. पण डावीकडून कसं चावायचं, कुठे ‘स्स’ करायचं, हे तिला आता पाठ होतं. ऐकताना दिग्दर्शकाने नाकावर रुमाल धरला आणि अंगठा वर केला.

घरी तिने तो तुकडा बाबांना ऐकवला. अर्ध्यातच त्यांचं तोंड वाकडं झालं. हेडफोन काढून ते म्हणाले, “कोण गं हा गलिच्छ माणूस?”

“मी.”

बाबांनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग आपल्या सुजलेल्या गालावर हात ठेवून म्हणाले, “तुझे दात ठीक आहेत ना?”