खिडकीपुरता उजेड

"वीट खाली ठेव," काकू म्हणाली. "माझी खिडकी आहे ती."

खिडकीबाहेरच्या गवंड्याने वीट हातातच धरली. "मालकांनी सांगितलंय, काकू."

मालक म्हणजे भिंतीला लागून असलेल्या शेजारच्या घरातला तिचा धाकटा दीर. तो मागेच उभा होता, पण तिच्याकडे बघत नव्हता.

गावाची शेतं शहराने कधीच गिळली होती. त्यांच्यावर टॉवर उभे राहिले आणि मधोमध घरांचा हा पुंजका उरला. शेती गेली तशी लोकांनी घरंच पिकवायला घेतली. मजल्यावर मजला चढवायचा आणि मिळेल त्या खोलीत भाडेकरू कोंबायचा. काकूच्याही डोक्यावर तीन मजले बसले होते. तळाच्या खोलीत तिचं शिलाई मशीन होतं आणि त्याला उजेड देणारी ही एकुलती एक खिडकी. भाडेकरूंचे फाटके-उसवलेले कपडे शिवण्यात तिचा दिवस जायचा. दिव्याखाली मात्र तिला सुईत दोरा ओवता येत नसे.

"भावजी, तुमच्या भावाच्या माघारी माझ्या उजेडावर उठलात? लाज काय गुंडाळून ठेवलीत?"

"वहिनी, मला कशाला बोलता? तुमच्या चिरंजीवांना विचारा."

चिरंजीव जिन्यावरून उतरतच होते.

"आई, चौथ्या मजल्याचा स्लॅब टेकवायला काकाची भिंत लागणार होती. त्याला खिडकीच्या बाजूने खोली वाढवायची होती. त्याने भिंत दिली, आपण खिडकी दिली. तुला ट्यूबलाइट लावून देतो की."

"आपण म्हणजे कोण रे?"

"घराचंच भलं आहे ना त्यात."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. दिराला शिव्या घालणं सोपं होतं. पण हा पोटचा गोळा. याची शाळेची चड्डी दर वर्षी याच खिडकीशी बसून तिने सैल केली होती. आणि आईला न विचारता तो खिडकी देऊन मोकळा झाला! एक कानाखाली ठेवून द्यावी असं वाटलं. हात उचलला गेला नाही, याचा तिला आणखी राग आला.

"लाव बाबा वीट," ती गवंड्याला म्हणाली. "तुझा काय दोष?"

दुपारपर्यंत खोलीत काळोख झाला. मग तिने वरच्या मजल्यावरच्या नर्सला हाक मारली. दोघींनी मिळून मशीन उचललं आणि जिन्याच्या तोंडाशी आणून ठेवलं. दारातला उजेड तेवढ्याच जागी पडत होता. जिना आधीच चिंचोळा. आता माणूस अंग चोरून कसाबसा गेला असता, सिमेंटची गोणी जाणं शक्य नव्हतं.

सकाळी मजूर गोण्या घेऊन आले आणि दारातच थांबले. त्यांचा गलका ऐकून मुलगा खाली आला.

"आई, हे काय मांडलंयस? माल वर कसा न्यायचा?"

"मला काय ठाऊक? उजेड इथेच येतो."

"भाडेकरू काय म्हणतील?"

"काय म्हणायचेत? हे शिवून द्या, ते शिवून द्या म्हणतील."

मजुरांतला एक जण हसला. मुलाने आवाज खाली आणला. "सरक ना जरा. घर तुझंच आहे, आई."

"माझं आहे ना? मग बसू दे."

तो शेवटच्या पायरीवर तसाच उभा राहिला. पाऊल टाकायला पुढे जागा नव्हती. काकूने डोळे बारीक करून सुईत दोरा ओवला, नर्सच्या गणवेशाचा फाटका खिसा मशीनखाली सरकवला आणि पाय चालवायला घेतले.